जर्मनची मागची सीट

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माझ्या स्टुडिओत मी रोज झाडू मारतो, तरी कॅमेऱ्याच्या स्टँडखाली धूळ साचतेच, तसंच हे. बोरीत माझा फोटो स्टुडिओ आहे. आता तिथं झेरॉक्स आणि पासपोर्ट फोटो एवढंच चालतं, पण एके काळी जिंतूर तालुक्यातली निम्मी लग्नं माझ्या कॅमेऱ्यातून गेली. आणि त्यातल्या बऱ्याच फोटोंत नवरा-नवरीच्या मागं एकच गाडी उभी आहे. लोक अल्बम उघडतात आणि आधी गाडी बघतात, मग नवरा. मला पूर्वी याचा राग यायचा. आता येत नाही, कारण मीही तेच करतो.

गाडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, जर्मनीत बनलेली. पुढच्या जाळीवर कंपनीचं नाव होतं. ते आमच्यापैकी कुणाला धड घेता यायचं नाही, आणि युद्धानंतर ती कंपनीही राहिली नाही, म्हणून सगळा गाव तिला 'जर्मन' म्हणायचा. आठ सिलिंडर एका ओळीत, त्यामुळं बॉनेट एवढं लांब की गाडी वळणावर आधी दिसायची आणि माणसं मागून यायची. हेडलाइट परातीएवढे. वर कापडाचा टप. मागची सीट चामड्याची, पिकल्या चिंचेच्या रंगाची. निजामाच्या राज्यातल्या एका जागीरदारानं ती हौसेनं मागवली, बोटीनं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं हैदराबादला. पोलीस अॅक्शननंतर जागीरदाराचं बस्तान उठलं आणि फिरत फिरत ती आमच्या बोरीत आली, कापसाच्या जिनिंगवाल्या आबासाहेबांकडं.

आबासाहेबांचे चिरंजीव बापूराव. आज ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची बायको कमळकाकू. गाडीचे ड्रायव्हर हमीदचाचा. आणि चौथा मी. जिनिंगच्या पत्र्याच्या शेडसमोर लिंबाचं झाड आहे, त्याखाली आमची बैठक. पुढचं सगळं त्या लिंबाखालचं आहे.

*

गाडी लग्नाला जायला कशी लागली, ते आधी सांगतो.

आमच्याकडं लग्नाआधी नवरदेवाला घोड्यावर बसवून वाजतगाजत मारुतीच्या पाया पडायला नेतात. त्याला परण्या म्हणतात. आबासाहेबांच्या काळात एका परण्यात घोडा बँडला बिचकला आणि नवरदेवाला घेऊन थेट उभ्या ज्वारीत शिरला. तासाभरानं नवरदेव सापडला, फेटा सापडला नाही. पोरीचा बाप रडकुंडीला आलेला. आबासाहेब म्हणाले, "आमची गाडी न्या."

तेव्हापासून पायंडा पडला तो पडलाच. पाटलाचं लग्न असो की सालगड्याचं, परण्याला जर्मन. पैसा घ्यायचा नाही. आबासाहेबांची अट एकच होती, मागच्या सीटवर फक्त नवरा-नवरी बसतील. घरचं कुणी म्हणजे कुणीच बसणार नाही.

बापूरावांनी लहानपणी विचारलं होतं, असं का म्हणून. आबासाहेब म्हणाले, "ज्या सीटवर आपुन रोज बसू, तिच्यावर त्याला बसवलं तर ते आपल्या गाडीत बसणं झालं. एक दिवस तरी त्याला वाटू दे, गाडी त्याची हाय."

हे मला बापूरावांनी इतक्यांदा सांगितलंय की पाठ आहे. आणि दर वेळी ऐकताना मला आबासाहेबांबद्दल आदर वाटतो, हेही खरं.

*

आता काकूंचं लग्न.

काकू चारठाण्याच्या. ज्यांच्या गाडीत अख्खा तालुका बसतो त्या घरची सून व्हायचं, म्हणून मैत्रिणींनी आधीपासून चिडवायला सुरुवात केली होती. लग्नाच्या आदल्या दिवशी जर्मनचा अॅक्सल तुटला. नवा कुठून आणणार? गाडी शेडमध्ये दगडांवर चढवून ठेवली आणि वऱ्हाड जिनिंगच्या ट्रकमधून गेलं. नवरी सासरी आली ती त्याच ट्रकच्या केबिनमध्ये बसून. उतरल्या तेव्हा शालूला सगळीकडं कापूस चिकटलेला. सासूबाईंनी आधी कापूस वेचला, मग ओवाळलं.

पुढं परभणीच्या एका लेथवाल्यानं अॅक्सल बनवून दिला. दुरुस्त झाल्यावर गाडीत पहिली बसली ती शेजारच्या सुताराची सून. काकूंनी दारातून पाहिलं. संध्याकाळी नवऱ्याला विचारलं, "आता आपुन बसू का?"

"आता कसं? लगीन होऊन महिना झाला की. आबांचा नियम हाय."

"मंग काय पुन्ना लगीन लावू तुमच्यासंगं?"

हा संवाद पुढं दर दसऱ्याला व्हायचा. गाडीची पूजा काकूंच्या हातची. बॉनेटवर कुंकवाची पाच बोटं, चाकाखाली लिंबू, जाळीला झेंडूचा हार. आरती झाली की काकू विचारायच्या, "बसू का औंदा?" बापूराव म्हणायचे, "औंदा न्हाई." आम्ही सगळे हसायचो. काकूही हसायच्या. मी फोटो काढायचो.

ते फोटो माझ्याकडं आहेत. सगळ्यांत काकू हसतायत, आणि सगळ्यांत त्यांचा हात मागच्या सीटच्या कडेवर आहे. हे मला फार उशिरा दिसलं. मी फोटोग्राफर, म्हणून जास्त लागलं.

*

जर्मन मारुतीच्या देवळासमोर आपोआप थांबते, अशी तिची ख्याती होती.

खोटी नव्हती. परण्या देवळापाशी पोचला की जाळीतून वाफ यायची आणि गाडी बंद पडायची. लोक हात जोडायचे. बाया चाकांवर पाणी घालायच्या, घोड्याच्या पायांवर घालतात तसं. एका म्हातारीनं तर हेडलाइटला तेल वाहिलं, ते पुसायला हमीदचाचांना दोन दिवस लागले.

मी एकदा चाचांना खरं काय ते विचारलं. ते म्हणाले, "वसंता, इसको मारुती-बिरुती कुछ नई मालूम. इसको पानी होना." म्हणजे असं, की ही गाडी पळायसाठी बनवलेली. तिला बँडच्या मागं पावला-पावलानं चालवलं की तिचं डोकं तापायचं, आणि वेशीपासून देवळापर्यंतचं अंतर तिला तापायला बरोबर पुरायचं.

"मग लोकांना सांगत का नाही?"

"कायकू सांगू? लोकां खुश, मारुती खुश. गाडी को भी पानी मिलता."

एका गावात मात्र ती देवळाच्या पुष्कळ अलीकडं तापली आणि देशी दारूच्या दुकानासमोर थांबली. तिथं कुणीच हात जोडले नाहीत. बँडवाले तेवढे खुश झाले.

*

एका निवडणुकीत एक पुढारी आले. त्यांना चारठाण्यात जर्मनमधून मिरवायचं होतं. मागं बसायला निघाले तर बापूराव आडवे आले. म्हणाले, "साहेब, मागं बसायचं आसंल तर नवरी आणावी लागंल." साहेबांच्या घरच्या जुन्या अल्बमात जर्मन असणार, कारण ते मुकाट्यानं पुढं बसले.

आता गंमत अशी की जर्मनचं स्टिअरिंग डावीकडं. उजवीकडं बसतो तो नुसता बसलेला असतो. पण आपल्या लोकांची नजर काय म्हणते? उजवीकडचा ड्रायव्हर, डावीकडचा साहेब. त्यात हमीदचाचा उंच, गोरे, पांढरी दाढी, अंगात ठेवणीतली शेरवानी. आणि पुढारी किरकोळ, घामाघूम.

चारठाण्याच्या वेशीत गर्दीनं गाडीला वेढा घातला आणि सगळे हार चाचांच्या गळ्यात पडले. हारांनी स्टिअरिंगही झाकून गेलं. एका म्हाताऱ्यानं वाकून चाचांना पाण्याच्या नळाचं गाऱ्हाणं सांगितलं. चाचा म्हणाले, "हौ, बघतो." उजवीकडच्या साहेबांना कुणीतरी म्हणालं, "ड्रायव्हर, गाडी जरा बाजूला घ्या."

निवडणूक साहेब हरले. पण तो म्हातारा पुढं कितीतरी वर्षं बाजारात चाचांना गाठून विचारायचा, नळाचं काय झालं. चाचांनी शेवटी पंचायत समितीत खेटे घालून तो नळ आणून दिला. म्हणाले, "हार पहने थे ना. अब क्या करना?"

*

मागच्या सीटचा नियम मोडला तर काय होतं, याचा पुरावा बापूरावांकडं होता.

त्यांचे एक मेहुणे, काकूंचे धाकटे भाऊ, दिवाळीला आले आणि गंमत म्हणून मागं बसले. पाय पसरून, तोंडात पान. चाचा गाडी बाहेर काढत होते. पुलाच्या अलीकडं गाडीनं आचका दिला आणि थांबली ती थांबलीच. मेहुणे उतरून धक्का मारत परत आले. बापूरावांनी आल्या आल्या सुनावलं, "बगितलंस? आबांचा शब्द हाय तो."

पेट्रोल संपलं होतं. चाचांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. पण बापूरावांना सांगायची कुणाची छाती नव्हती, आणि ऐकलं असतं तरी त्यांनी मानलं नसतं. त्यानंतर काकूंनी विचारलं की ते पुलाकडं बोट दाखवायचे.

चाचांचंही एक होतं. गाडी पुसायचे ते पुढून मागं, बॉनेटपासून स्टेपनीपर्यंत, पण मागच्या सीटला हात लावायचे नाहीत. मी विचारलं तर म्हणाले, "वो भाभी का काम है. मेरे को नक्को." मी समजलो, हाही नियमाचाच भाग असेल.

*

हा किस्सा गाडीचा नाही, पण लिंबाखालचाच आहे.

काकूंचा चष्मा हरवला. सोनेरी काडीचा, मुलानं पहिल्या पगारातून आणलेला. घर शोधलं, जिनिंग शोधलं, हौद उपसला. काकू त्या दिवशी दुपारी नेहमीसारख्या शेडमध्ये गहू निवडायला बसल्या होत्या, कारण शेडचा पत्रा उंच आणि खाली गारवा असतो. परत आल्या त्या चष्म्याशिवाय.

"शेडात बगितलंस का?" बापूराव म्हणाले.

"तितं नसंल," काकू म्हणाल्या.

बापूरावांनी जाहीर केलं की वानरानं नेला. लिंबावर तेव्हा वानरं यायची. बापूरावांनी आठवडाभर हातात केळं घेऊन वानरांची वाट पाहिली, केळं दाखवलं की चष्मा टाकतील म्हणून. वानरं केळं घेऊन जायची. शेवटी नवा चष्मा आणला. पुढं कित्येक दिवस एखादं वानर नीट निरखून बघायला लागलं की चाचा म्हणायचे, "देखो, चष्मेवाला आया."

काकू तेव्हा मान खाली घालून गहूच निवडत राहायच्या.

*

काही वर्षांपूर्वी एक खराखुरा जर्मन आला. सोलरच्या कामावर परभणीला आलेला इंजिनीअर. कुणीतरी त्याला गाडीचं सांगितलं आणि तो रविवारी हजर झाला. चाचांनी टप उघडला. तो पोरगा गाडीभोवती हळूहळू फिरला. नाव वाचलं, आणि पहिल्यांदाच आम्हाला ते कसं म्हणायचं ते कळलं. संध्याकाळपर्यंत आम्ही विसरलो.

बापूराव हैदराबादला शिकलेले, त्यांचं इंग्रजी चांगलं. त्यांनी विचारलं, तुमच्याकडं अशा गाड्या आहेत का. तो म्हणाला, संग्रहालयात एखादी बघितली असेल. मग थोडा थांबून म्हणाला, आमच्याकडं अशा गाड्यांत त्या काळी कोण बसत होतं, कुठं जायला बसत होतं, ते माझ्या आजोबांना विचारलं की ते खोलीतून उठून जायचे.

बापूरावांनी आम्हाला ते मराठीत सांगितलं. गाडी तीच, आमच्यासमोर हळदीकुंकू लावून उभी. आपण जिला एवढं पुसतो, पूजतो, तिच्या बहिणी तिकडं काय काय बघून संपल्या असतील, हे माझ्या तोवर मनातच आलं नव्हतं.

मग त्यानं विचारलं, इथं हिच्यात कोण बसतं?

"नवरदेव," बापूराव म्हणाले. "ज्याचं लग्न असंल तो. कुणाचाबी पोरगा आसो."

त्यानं ते दोनदा विचारून खात्री करून घेतली. मग मागच्या सीटला हात लावला आणि डोळे पुसले. आम्हीही इकडंतिकडं बघायला लागलो.

तेवढ्यात काकू भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या. त्याला म्हणाल्या, "बाबा, तुमच्याकडं ह्या गाड्या ज्यांच्या होत्या, त्यांच्या बायका बसायच्या का मागं?"

बापूरावांना हे इंग्रजीत सांगावं लागलं. त्यांनी पुष्कळ वेळ घेतला. तो म्हणाला, बसत असतील, का नाही?

"काय म्हनला?" काकूंनी विचारलं.

"ठेचा तिखट हाय म्हनला," बापूराव म्हणाले.

*

मग काय झालं, ते सगळ्यांना माहीत आहे. डीजे आले, नवरदेवाला उघड्या टपाची नवी गाडी लागायला लागली. जर्मनला कुणी बोलवेना. हमीदचाचा तरी रोज यायचे, इंजिन पाच मिनिटं चालवायचे आणि तिच्याशी दखनीत बोलायचे. एके सकाळी आले नाहीत. त्यांच्या मुलानं किल्ली रुमालात बांधून आणून दिली. बापूरावांनी ती खिशात घातली आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

गाडी शेडमध्ये मरायला लागली. उंदरांनी टप खाल्ला, गाडीचा तळ सडला. पुण्याच्या एका संग्रहालयाचे लोक दोनदा येऊन गेले. जगात असल्या गाड्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात, म्हणाले, आम्ही ती पुन्हा चालती करू. बापूराव वर्षभर नाही म्हणत होते. शेवटी म्हणाले, "इथं हिचा सांगाडा बगण्यापरीस तिकडं चालू दे."

काकू एवढंच म्हणाल्या, "म्हंजी आता दसऱ्याला इचारायचं बी सरलं."

बापूरावांनी या वेळी पुलाकडं बोट दाखवलं नाही, हे मी बघितलं.

*

गाडी न्यायला ट्रक आला तो दिवस सांगतो आणि थांबतो.

संग्रहालयाचा माणूस तरुण होता, सभ्य, हातात पांढरे मोजे. तळ सडलेला असल्यामुळं मागची सीट वेगळी न्यावी लागेल म्हणाला. त्याच्या दोन माणसांनी ती अख्खी उचलली आणि लिंबाखाली ताडपत्रीवर ठेवली. मग तो सीटच्या जागी टॉर्च मारून बघायला लागला.

खाली अक्षता होत्या. किती लग्नांच्या, देव जाणे. वाळलेला झेंडू, बाशिंगाचे मणी. ते सगळीकडं सारखं पसरलेलं होतं. पण डाव्या बाजूला आणखी काही निघायला लागलं. त्यानं एकेक वस्तू काढून ताडपत्रीवर मांडली. शेंगांची टरफलं. सुपारीची खांडं. हिरव्या बांगडीचे तुकडे. सुई खोचलेलं दोऱ्याचं रीळ. मूठभर बारीक खडे, गव्हात निघतात तसले. आणि सोनेरी काडीचा चष्मा.

तो बापूरावांना म्हणाला, "सर, तुम्ही म्हणाला होतात इथं फक्त लग्नातली जोडपी बसायची. पण उजवीकडच्या स्प्रिंगा ठीक आहेत आणि डावीकडच्या पार बसल्यात. या बाजूला बरीच वर्षं रोज कुणीतरी बसत असणार."

काकू चहाचा ट्रे घेऊन दारातून येत होत्या. अर्ध्या वाटेत थांबल्या.

बापूरावांनी वाकून चष्मा उचलला. शर्टाच्या टोकानं काचा पुसल्या. उजेडाकडं धरून बघितल्या.

"ह्यो तर वानरानं नेला होता," ते म्हणाले.

"व्हय," काकू म्हणाल्या.

"कवाधरनं बसायचीस?"

"लय दिस झाले. आबा गेले त्या सालापासून. दुपारचं. तुमी झोपले की."

"आन् हमीदला ठावं होतं?"

"त्येनंच दार उघडून दिलं होतं पयल्यांदा."

बापूरावांनी सीटकडं बघितलं. डावीकडचं चामडं झिजून फिकट पडलेलं, उजवीकडचं अजून गडद.

"एवढी मोठी सीट. डावीकडंच कामून?"

काकूंनी ट्रे बाजूच्या ओट्यावर ठेवला. पदरानं हात पुसला.

"उजवी मोकळी ठेवायचे," त्या म्हणाल्या.

बापूरावांचे गुडघे आता वाकत नाहीत. मी हात दिला. ते ताडपत्रीवरच्या त्या सीटवर, उजव्या बाजूला, हळूहळू टेकले. नीट बसले. मग त्यांनी डावीकडच्या चामड्यावरची धूळ हातानं झाडली. काकू थोडा वेळ उभ्या होत्या. मग येऊन बसल्या.

मी ट्रेमधला चहा दोघांना नेऊन दिला. बापूरावांनी बशीत ओतला आणि फुंकर मारली.

ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. संग्रहालयाचा माणूस दोन पावलं पुढं आला. "सर, सीट लोड करायची आहे. उशीर होतोय."

बापूरावांनी बशीतनं वर बघितलं नाही.

"थांबा की जरा," ते म्हणाले. "आमी बसलोत न्हवं."